मोठ्या सावजाच्या शिकारीसाठी धनुष्य व बाणांची निवड : एक विवेचन

सारांश

धनुष्याने मोठ्या प्राण्यांची शिकार करताना धनुष्याची ताकद हाच निवडीचा मुख्य निकष मानण्याची प्रवृत्ती आढळते. प्रस्तुत लेखात भौतिकशास्त्र, प्राण्यांची शरीररचना आणि शिकारविषयक कायदे यांच्या आधारे हा समज तपासला आहे. निवडीचा क्रम फाळ, बाण, धनुष्य असा असावा आणि या सर्वांची अंतिम कसोटी 'जखमी सावज निसटू नये' ही असावी, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजसंज्ञा : धनुष्य, बाण, फाळ, संवेग, गतिज ऊर्जा, शिकारविषयक कायदे.

१. प्रस्तावना

धनुष्यबाण हे मानवाच्या अतिप्राचीन साधनांपैकी एक होय. भारतीय वाचकास धनुर्विद्येचा परिचय रामायण-महाभारतापासून आहे. तथापि या परिचयात धनुर्धराचा नेम आणि त्याचे बाहुबल या दोहोंचाच गौरव प्रामुख्याने आढळतो. बाण प्राण्याचा जीव नेमका कशामुळे घेतो, आणि त्यासाठी तो कसा असावा लागतो, हा प्रश्न मात्र फारसा विचारला जात नाही.

आधुनिक काळात या प्रश्नाचा पद्धतशीर विचार मुख्यत्वे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत झाला. विस्कॉन्सिन राज्याने १९३४ साली धनुर्धारींसाठी हरणाच्या शिकारीचा स्वतंत्र हंगाम सुरू केला. त्यानंतर इतर राज्यांतही ही पद्धत रूढ झाली. म्हणून या लेखातील विवेचन त्याच भूमीच्या संदर्भात केले आहे. भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार वन्यप्राण्यांच्या शिकारीवर बंदी आहे आणि त्या कायद्यातील शस्त्राच्या व्याख्येत धनुष्यबाणांचाही समावेश आहे. त्यामुळे येथे या विषयाचे मूल्य व्यावहारिक नसून अभ्यासाचे आहे. एकाच प्रश्नात भौतिकशास्त्र, प्राणिशास्त्र, मानववंशशास्त्र आणि कायदा एकत्र येतात, हे त्याचे वैशिष्ट्य होय.

२. ऐतिहासिक पार्श्वभूमी

अमेरिकेतील आधुनिक धनुर्शिकारीचा उगम एका असामान्य भेटीत आहे. १९११ साली कॅलिफोर्नियातील ओरोव्हिल गावाजवळ याही जमातीतील एकमेव जिवंत राहिलेला पुरुष आढळला. तो पुढे 'ईशी' या नावाने ओळखला गेला. १९१६ साली क्षयरोगाने मृत्यू होईपर्यंत त्याचे वास्तव्य सॅन फ्रान्सिस्को येथे, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या मानववंशशास्त्र संग्रहालयात होते. विद्यापीठाच्या रुग्णालयातील शल्यचिकित्सक डॉ. सॅक्स्टन पोप यांनी त्याच्याकडून धनुष्य व बाण तयार करण्याची आणि सावजाजवळ पोहोचण्याची कला आत्मसात केली. ईशीचे धनुष्य आखूड असून त्याच्या पाठीवर स्नायुतंतूंचा थर चिकटवलेला असे. बाणाची टोके तो ज्वालामुखीजन्य काचेपासून, तसेच बाटल्यांच्या काचेपासूनही घडवीत असे.

ईशीचे धनुष्य आधुनिक मापाने फार जोरकस नव्हते. तरीही ते हरणासाठी पुरेसे होते. यामागे दोन कारणे होती : टोकाची अत्यंत तीक्ष्ण धार आणि सावजाच्या अगदी जवळ जाण्याचे कौशल्य. पोप यांनी पुढे संग्रहालयांतील विविध जमातींच्या धनुष्यांची चाचणी घेऊन १९२३ साली त्यावरील अभ्यास प्रसिद्ध केला. तत्पूर्वी १९२० साली त्यांनी व आर्थर यंग यांनी यलोस्टोन परिसरात ग्रिझली अस्वलांची धनुष्याने शिकार केली होती. ती कॅलिफोर्निया विज्ञान अकादमीच्या संग्रहालयासाठी होती. या दोघांच्या नावाने १९६१ साली स्थापन झालेला 'पोप अँड यंग क्लब' आजही धनुर्शिकारीच्या नोंदी ठेवतो.

३. बाणाची कार्यपद्धती

बंदुकीची गोळी आणि बाण यांची कार्यपद्धती मूलतः भिन्न आहे. सुमारे ११.७ ग्रॅम वजनाची रायफलची गोळी सेकंदाला ८२० मीटर वेगाने निघाल्यास तिची गतिज ऊर्जा सुमारे ३९०० ज्यूल भरते. शिकारीच्या आधुनिक बाणाची ऊर्जा साधारणतः १०० ज्यूलच्या आसपास, तर पारंपरिक धनुष्याच्या बाणाची त्याहूनही पुष्कळ कमी असते. आघाताने ऊती उद्ध्वस्त करणे बाणाला शक्यच नाही. बाण कापतो. त्याच्या धारेने रक्तवाहिन्या छेदल्या जातात, दोन्ही फुफ्फुसे भेदली गेल्यास ती निकामी होतात आणि रक्तस्रावाने प्राण्याचा मृत्यू होतो.

यातून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा, की धार हाच बाणाचा प्राण आहे. बोथट धारेपुढे लवचीक रक्तवाहिनी बाजूला सरकते, तीक्ष्ण धारेने ती कापली जाते. दुसरा असा, की बाण छातीच्या पोकळीत खोलवर, शक्य तर आरपार गेला पाहिजे. आरपार गेलेल्या बाणामुळे दोन छिद्रे पडतात आणि रक्ताचा माग सापडणे सुलभ होते.

४. बाणाची निवड

(अ) फाळ : फाळाचे दोन प्रमुख प्रकार आहेत. पहिल्यात पाती स्थिर असतात. दुसऱ्यात ती मिटलेली असून आघाताच्या वेळी उघडतात. उघडणारा फाळ उड्डाणात अधिक स्थिर राहतो आणि रुंद जखम करतो. मात्र पाती उघडण्यात व रुंद छेद घेण्यात ऊर्जा खर्ची पडते. म्हणून कमी ताकदीच्या धनुष्याला आणि जाड हाडांच्या प्राण्याला स्थिर पात्यांचा, अरुंद व भक्कम फाळ अधिक योग्य ठरतो. हाडावर आदळून फाळ वाकला किंवा दांडा तुटला, तर बाकीचे सर्व गुण व्यर्थ जातात.

(आ) वजन : येथे गतिज ऊर्जा आणि संवेग यांतील भेद महत्त्वाचा आहे. समजा, एखादे धनुष्य कोणत्याही बाणाला ९० ज्यूल ऊर्जा देते. २६ ग्रॅमचा बाण त्यातून सेकंदाला सुमारे ८३ मीटर वेगाने, तर ३९ ग्रॅमचा बाण सुमारे ६८ मीटर वेगाने सुटेल. ऊर्जा समान आहे. परंतु पहिल्याचा संवेग २.१६, तर दुसऱ्याचा २.६५ किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद, म्हणजे सुमारे २२ टक्के अधिक आहे. प्रत्यक्षात जड बाण धनुष्यातील ऊर्जेचा थोडा अधिक वाटा उचलतो, त्यामुळे त्याचा लाभ किंचित वाढतोच. शरीराच्या प्रतिकारातून पुढे जात राहण्यास हा संवेग उपयोगी पडतो. डॉ. एड ॲश्बी यांनी आफ्रिकेतील मोठ्या प्राण्यांवरील निरीक्षणांतून बाणाच्या भक्कमपणाला प्रथम स्थान दिले आणि जाड हाड भेदण्यासाठी ६५० ग्रेन, म्हणजे सुमारे ४२ ग्रॅम, वजनाची मर्यादा सुचवली.

जड बाणाची किंमतही मोजावी लागते. आडव्या रेषेत सोडलेला वरील हलका बाण ३० मीटर अंतरावर सुमारे ६४ सेंटिमीटर, तर जड बाण सुमारे ९६ सेंटिमीटर खाली येतो. म्हणजे जड बाण वापरणाऱ्यास अंतराचा अंदाज अधिक अचूक असावा लागतो किंवा सावजाच्या अधिक जवळ जावे लागते.

(इ) ताठपणा : प्रत्यंचा सुटताच बाण क्षणभर वाकतो व कंप पावत पुढे जातो. तो धनुष्याच्या जोराच्या मानाने फार लवचीक वा फार ताठ असल्यास तिरका उडतो आणि तिरका आदळलेला बाण खोल जात नाही. कार्बनच्या दांड्याचा ताठपणा मोजताना २८ इंच अंतरावरील दोन आधारांवर तो ठेवून मध्यभागी सुमारे ८८० ग्रॅम वजन टांगतात. तो किती वाकला हे इंचाच्या हजारांशात सांगितले जाते. म्हणून ३४० क्रमांकाचा दांडा ५०० क्रमांकाच्या दांड्यापेक्षा अधिक ताठ असतो. आकडा लहान तितका दांडा ताठ, हे नवख्या माणसाच्या सहसा लक्षात येत नाही. जड फाळ लावल्यास दांडा अधिक वाकतो, त्यामुळे फाळ ठरल्यानंतरच दांडा निवडणे इष्ट होय.

५. धनुष्याची निवड

धनुष्याचा जोर पौंडांत सांगण्याचा प्रघात आहे. साध्या धनुष्यात दोरी ओढावी तसतसे बल वाढत जाते आणि पूर्ण ओढीला ते कमाल असते. ५० पौंडांच्या अशा धनुष्यात साधारणतः ५५ ज्यूल ऊर्जा साठते व तिचा काही भागच बाणाला मिळतो. अमेरिकेतील हॉलिस विल्बर ॲलन यांनी १९६६ साली कप्प्यांच्या धनुष्याच्या एकस्वासाठी अर्ज केला. ते त्यांना १९६९ साली मिळाले. या कंपाऊंड धनुष्यात बल लवकर कमाल पातळी गाठते, बराच काळ तेथे टिकते आणि शेवटी एकदम उतरते. त्यामुळे त्याच जोरात अधिक ऊर्जा साठते. ७० पौंडांच्या धनुष्यात ८० टक्के उतार असेल, तर पूर्ण ओढीला हातावर केवळ १४ पौंडांचा भार राहतो आणि नेम धरण्यास अवधी मिळतो.

तथापि स्वतःच्या शक्तीबाहेरचे धनुष्य घेणे ही सर्वांत सामान्य चूक होय. धनुष्य आकाशाकडे उचलल्याशिवाय दोरी ओढता येत नसेल, तर ते आपल्यासाठी जड आहे असे समजावे. थंडीत तासन्‌तास निश्चल बसल्यानंतर, लक्ष्याच्या दिशेने धरलेले धनुष्य सावकाश व सरळ ओढता आले पाहिजे. अचूक मारलेला मध्यम जोराचा बाण, चुकीच्या जागी लागलेल्या जोरकस बाणापेक्षा नेहमीच श्रेष्ठ ठरतो. तसेच जोराच्या मानाने अतिशय हलका बाण धनुष्यालाही घातक असतो, कारण न वापरली गेलेली ऊर्जा धनुष्याच्या बाहूंतच परत जिरते.

६. कायद्याची भूमिका

कायद्यांतही हाच विचार प्रतिबिंबित झालेला दिसतो. कोलोरॅडो राज्यात हाताने ओढावयाच्या धनुष्यासाठी किमान ३५ पौंड जोर आणि किमान ७/८ इंच रुंदीचा, किमान दोन पोलादी धारांचा फाळ आवश्यक आहे. अलास्कात लहान हरणांसाठी ४० पौंड, तर मूस, तपकिरी अस्वल व गवा अशा प्राण्यांसाठी ५० पौंड जोर ठरवून दिला आहे. बाणाचे किमान वजन ३०० ग्रेन आहे. ब्रिटनने मात्र १९८१ च्या कायद्याने वन्यप्राण्यांना धनुष्याने मारण्यासच मनाई केली. एका ठिकाणी किमान मर्यादा आणि दुसऱ्या ठिकाणी संपूर्ण बंदी, अशा या दोन्ही भूमिकांमागे जखमी प्राण्याच्या यातनांची चिंता आहे.

७. जखमी सावजाचा प्रश्न

ही चिंता अनाठायी नाही. मेरीलँड राज्यातील एका नौदल तळावर १९८९ ते २००६ या काळात केलेल्या अभ्यासात, आधुनिक धनुष्याचा बाण लागलेल्या हरणांपैकी सुमारे १८ टक्के हरणे शिकाऱ्याच्या हाती लागली नाहीत. साधने सुधारल्याने हा प्रश्न संपलेला नाही, हे यावरून स्पष्ट होते. याचे एक कारण वेगाच्या मर्यादेत आहे. २० मीटर अंतरावर धनुष्याचा आवाज सावजापर्यंत सुमारे ०.०६ सेकंदात पोहोचतो, तर बाणाला ०.२४ ते ०.३० सेकंद लागतात. या फरकात सावध हरीण खाली दबते वा वळते आणि बाण फुफ्फुसांऐवजी अन्यत्र लागतो. अंतर वाढते तसा हा अवधीही वाढतो. म्हणूनच सावज आडवे उभे असताना किंवा किंचित पाठमोरे असताना, जवळून आणि ते निश्चिंत असतानाच बाण सोडावा, असा दंडक अनुभवी धनुर्धारी पाळतात. समोरून खांद्याचे हाड आड येत असल्यास बाण न सोडणे हाच योग्य निर्णय होय.

८. निष्कर्ष

१) बाण कापून मारतो, आघाताने नव्हे. म्हणून निवडीचा आरंभ फाळाची धार व भक्कमपणा यांपासून व्हावा.

२) सावज जितके मोठे व हाडे जितकी जाड, तितका बाण जड असावा आणि त्याचा ताठपणा धनुष्याशी जुळावा.

३) धनुष्याचा जोर कायद्याच्या किमान मर्यादेपेक्षा कमी नसावा, तसाच धनुर्धराच्या सहज आवाक्याबाहेरचाही नसावा.

४) साधनांच्या निवडीने धोका कमी होतो, नाहीसा होत नाही. उरलेली जबाबदारी अंतर व क्षण निवडणाऱ्या माणसाची आहे.

ईशीचे आखूड धनुष्य आणि आजचे कप्प्यांचे धनुष्य यांच्या सामर्थ्यात मोठे अंतर आहे. परंतु तीक्ष्ण धार, सरळ उड्डाण आणि सावजाशी जवळीक या तीन अटी दोघांनाही सारख्याच लागू होतात. ज्याला त्या पाळता येत नाहीत, त्याने प्रत्यंचा सोडू नये. या विषयाच्या अभ्यासातून विज्ञान आणि नीती दोन्ही याच एका मुद्द्यापाशी येऊन पोहोचतात.