रेल्वे इंजिनाची 'सर्व्हिसिंग' कोण लक्षात ठेवतं?

मेडशीत रेल्वे स्टेशन नाही. गाडी पकडायची तर मालेगाव तालुक्यातलंच जऊळका रेल्वे गाठायचं, नाहीतर सरळ वाशीम किंवा अकोला. घरून निघताना आपण मोबाईलवर 'व्हेअर इज माय ट्रेन' किंवा रेल्वेचं एनटीईएस उघडतो आणि गाडी किती लेट आहे ते बघतो. पण ती गाडी ओढणाऱ्या इंजिनाची शेवटची तपासणी कधी झाली, हे यातलं कोणतंच ॲप सांगत नाही. मग ही नोंद असते कुठे? आणि तिच्याकडे कुणी बघितलंच नाही तर काय होतं?

आधी एक खरी घटना

१३ जानेवारी २०२२. पश्चिम बंगालच्या जलपाईगुडी जिल्ह्यात दोमोहनीजवळ बिकानेर–गुवाहाटी एक्सप्रेस रुळावरून घसरली. ९ जणांचा जीव गेला. इंजिनाखालची ट्रॅक्शन मोटर, म्हणजे चाकं फिरवणारी मोटर, जागेवरून निसटल्याचं चौकशीत दिसलं. त्याहून मोठी गोष्ट कागदांतून कळली. हे इंजिन दर ४,५०० किलोमीटरला तपासायला हवं होतं. शेवटची तपासणी ६ डिसेंबर २०२१ ला झाली होती आणि त्यानंतर ते सुमारे १८,००० किलोमीटर धावलं होतं. म्हणजे मर्यादेच्या चौपट!

अंदाज यावा म्हणून सांगतो. आपला अकोला–पूर्णा मार्ग साधारण २१० किलोमीटरचा आहे. त्यावर दहा-अकरा वेळा ये-जा केली की ४,५०० किलोमीटर होतात. रोज धावणारं इंजिन हा आकडा बघता बघता ओलांडतं.

नोंदी कुठे कुठे होतात?

१. लॉगबुक: इंजिनाच्या केबिनमध्ये एक वही असते. ब्रेक नीट लागत नाही, कुठून आवाज येतोय, असं काही जाणवलं की लोको पायलट त्यात लिहितो. शेडमधले कर्मचारी ती वही बघून दुरुस्ती करतात.

२. शेडचं रेकॉर्ड: प्रत्येक इंजिनाचं एक 'घर' ठरलेलं असतं. आपल्याकडे भुसावळ, अजनी, कल्याण इथे इलेक्ट्रिक लोको शेड आहेत. ट्रिप इन्स्पेक्शन म्हणजे फेऱ्यांच्या मधली झटपट तपासणी. काही महिन्यांच्या अंतराने त्याहून मोठ्या तपासण्या होतात आणि काही वर्षांनी पूर्ण ओव्हरहॉल, म्हणजे पीओएच. या सगळ्याची नोंद इंजिनाच्या पाच आकडी नंबरावर होते.

३. सॉफ्टवेअर: रेल्वेचीच संस्था 'क्रिस' हिने इलेक्ट्रिक इंजिनांच्या देखभालीसाठी 'स्लॅम' नावाची प्रणाली बनवली आहे. शिवाय इस्रोच्या मदतीने उभारलेली आरटीआयएस यंत्रणा इंजिनावर बसवलेल्या उपकरणातून दर ३० सेकंदांनी ठिकाण कळवते.

मग चूक होतेच कशी?

बाईकच्या सर्व्हिसिंगचं रिमाइंडर आपल्याला येतं. आपण ते बाजूला सारतो आणि गाडी काढतो. इंजिनाचंही तसंच होऊ शकतं. ते आपल्या शेडपासून हजारो किलोमीटर दूर असतं. एक विभाग ते पुढच्या विभागाकडे सोपवतो. गाडी वेळेवर सोडायचा दबाव तर रोजचाच. मुदत संपल्याची नोंद एकाकडे आणि इंजिन गाडीला जोडायचा निर्णय दुसऱ्याकडे असेल, तर नोंद बरोबर असूनही काही उपयोग होत नाही. मुदत संपलेलं इंजिन जोडायला सिस्टीमने सरळ नकार दिला, तरच त्या नोंदीला अर्थ.

अमेरिकेत यावर एक साधी पद्धत आहे. तिथे वापरात असलेलं इंजिन रोज तपासावं लागतं आणि साधारणपणे दर ९२ दिवसांनी मोठी तपासणी होते. त्या मोठ्या तपासणीचा सरकारी फॉर्म केबिनमध्येच पारदर्शक आवरणाखाली लावलेला असतो. चालकाला तारीख समोरच दिसते, कुठल्या ऑफिसला विचारावं लागत नाही.

आपल्याकडे अपघाताची चौकशी रेल्वे सुरक्षा आयुक्त करतात. गंमत म्हणजे हे आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या हाताखाली नसतात, ते नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत येतात. कारण सरळ आहे: ज्याच्या कामाची चौकशी करायची, तोच साहेब नको.

तुम्ही काय बघू शकता?

• इंजिनाच्या बाजूला नंबर आणि शेडचं नाव रंगवलेलं असतं. डब्ल्यूएपी-७ असं दिसलं तर डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, ए म्हणजे एसी करंट, पी म्हणजे पॅसेंजर आणि ७ हे मॉडेल.

• डब्याच्या टोकाकडच्या बाजूला पीओएचची तारीख आणि 'रिटर्न डेट' लिहिलेली असते. रिटर्न डेट म्हणजे डबा पुन्हा वर्कशॉपमध्ये कधी जायला हवा ती तारीख. ती प्लॅटफॉर्मवरूनच वाचा, रुळात उतरू नका.

• प्रवासात विचित्र आवाज, जळका वास किंवा जोराचे धक्के जाणवले तर गाडीतल्या कर्मचाऱ्यांना लगेच सांगा. १३९ वर फोन करा किंवा 'रेलमदद' ॲपवर तक्रार नोंदवा. ही नोंद तुम्ही स्वतः करू शकता.