पोराला प्रवेश मिळाला, आता खोलीचं बघा!

शेतकरी बंधूंनो, पोरगं बी.एस्सी. झालं, मार्क चांगले पडले, पुण्याच्या विद्यापीठात एम.एस्सी.ला नंबर लागला. गावात पेढे वाटून झाले. आणि चार दिवसांनी फोन येतो, "दादा, खोली सापडली, पण डिपॉझिट आजच भरा म्हणतात." दिवस कोणते? नेमके पेरणीचे. कांद्याची पट्टी मागची उधारी फेडण्यात गेलेली असते. आता खताच्या गोण्या उचलायच्या की पोराचं डिपॉझिट भरायचं?

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची कॉलेजं प्रामुख्याने पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक या तीन जिल्ह्यांत आहेत. त्यामुळे पदवीपर्यंत तालुक्याच्या गावी भागतं. पण पुढच्या शिक्षणाला बरीच पोरं पुण्यालाच जातात. प्रवेशाची धावपळ सगळे करतात, खोलीचा विचार मात्र शेवटच्या दिवशी होतो. फसगत होते ती इथेच.

आधी वसतिगृह

विद्यापीठाचं वसतिगृह सगळ्यात स्वस्त, पण जागा कमी आणि मागणारे जास्त. शिवाय वसतिगृहाची यादी कोर्सच्या प्रवेशानंतर लागते. मधले काही आठवडे पोरगं कुठं राहणार? मग ते ओळखीच्या मुलाच्या खोलीत चोरून राहतं. पुण्यात अशा मुलाला 'पॅरासाइट' म्हणतात, म्हणजे बांडगूळ. तपासणी आली की गादी गुंडाळून बाहेर. शिकायला गेलेल्या लेकरावर ही पाळी येऊ नये असं वाटत असेल तर एकाच यादीवर विसंबू नका.

विद्यार्थी सहाय्यक समिती ही संस्था १९५५ पासून ग्रामीण भागातल्या गरजू मुलामुलींची पुण्यात राहण्याची सोय करते. अच्युतराव आपटे यांनी ती उभी केली. समाजकल्याण खात्याची वसतिगृहं आहेत. तिथे जागा मिळाली नाही तर अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयंम् योजना आहे. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. मात्र आपला कोर्स त्यात बसतो का, हे कॉलेजच्या कार्यालयात आधी विचारून घ्या.

हिशेब पहिल्या दिवसाचा

वसतिगृह नाहीच मिळालं तर 'कॉट बेसिस', म्हणजे एका खोलीत तीन-चार खाटा आणि प्रत्येक खाटेचं भाडं वेगळं. किंवा तिघांनी मिळून फ्लॅट घ्यायचा. समजा, वाट्याला महिना सहा हजार भाडं आलं, डिपॉझिट वीस हजार आणि एजंटाचं एक महिन्याचं भाडं. म्हणजे पहिल्याच दिवशी बत्तीस हजार. मेसचा डबा, बसचा पास आणि पुस्तकं याच्या वर. हा आकडा जुलैत कळून उपयोग नाही. मे महिन्यात कांदा विकतानाच तेवढी रक्कम बाजूला काढून ठेवा.

खोली पाहायला एकदा तरी स्वतः जा. पाणी किती वेळ येतं, विजेचं बिल कोणी भरायचं, मधेच खोली सोडली तर काय, हे तोंडावर विचारा. काही ठिकाणी आडनाव विचारून, खाणंपिणं विचारून नकार देतात. मनाला लागतं, पण पोराने खोटं नाव सांगून राहू नये. दुसरी खोली बघावी. आणि मुलगी असेल तर खोली मिळत नाही म्हणून तिचं शिक्षण पदवीवर थांबवू नका. मुलींच्या वसतिगृहांचे अर्ज सगळ्यात आधी भरा.

कागद केल्याशिवाय पैसा नाही

बैल घेताना आपण दात बघतो, पावती घेतो. मग वीस हजार रुपये नुसत्या शब्दावर कसे देतो? महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चं कलम ५५ सांगतं, की भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी हवा आणि नोंदणीकृत हवा. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. त्याने ती केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. नोंदणीकृत करार नसेल आणि वाद झाला, तर उलटं सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात.

नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे, हे पक्कं ध्यानात ठेवा. शहरात नोंदणी फी एक हजार रुपये, स्टँप ड्यूटी वेगळी. ती कोणी भरायची हे आधीच ठरवा. डिपॉझिट रोख न देता बँकेतून द्या. डिपॉझिट किती, परत कधी मिळणार, किती दिवसांची नोटीस, हे करारात लिहून घ्या. राहायला गेल्या दिवशी भिंती, नळ, पंखे यांचे फोटो काढून ठेवा. नाहीतर वर्षाअखेरीस 'रंगकामाचे' म्हणून अर्धे पैसे कापले जातात आणि हातात कागद नसला की भांडायला तोंड राहत नाही.

भाऊसाहेब, तुमच्याकडेही एक काम

तलाठी आणि ग्रामसेवक भाऊसाहेबांनो, तुमच्या हुद्द्यांची नावं २०२४ मध्ये बदलली, पण पोरांचा रस्ता अजून तुमच्याच दारावरून जातो. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, रहिवासी, अल्पभूधारक असल्याचा दाखला, यातला एक कागद आठ दिवस उशिरा मिळाला की वसतिगृहाची मुदत टळते. त्या एका कागदापायी बाप वर्षाला साठ-सत्तर हजार भाड्यापोटी मोजतो, नाहीतर पोरगं परत येतं. मे महिन्यात ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागणाऱ्या कागदांची यादी लावा आणि एक दिवस फक्त विद्यार्थ्यांच्या दाखल्यांसाठी बसा.

आणि शेतकरी बंधूंनो, तुम्हीही निकालाची वाट बघत थांबू नका. पोरगं शेवटच्या वर्षाची परीक्षा देत असेल, त्याच आठवड्यात दाखल्यांचे अर्ज टाका.