विश्लेषण : मुलींच्या १७ वर्षांखालील फुटबॉल विश्वचषकाची वाट भारतासाठी इतकी अवघड का?

मोरोक्कोत झालेल्या मुलींच्या १७ वर्षांखालील विश्वचषक फुटबॉल स्पर्धेच्या अंतिम सामन्यात ८ नोव्हेंबरला उत्तर कोरियाने नेदरलँड्सचा ३-० असा पराभव केला. त्यांचे हे सलग दुसरे आणि एकूण चौथे जगज्जेतेपद. ही स्पर्धा १७ ऑक्टोबरला सुरू झाली. त्याच दिवशी किर्गिझस्तानमधील बिश्केक येथे भारताच्या मुलींनी उझबेकिस्तानला २-१ असे हरवून पुढील वर्षीच्या आशियाई स्पर्धेत स्थान मिळवले. या बातमीला आपल्याकडे जेमतेम चार ओळी मिळाल्या. योगायोग असा, की बरोबर तीन वर्षांपूर्वी, १७ ऑक्टोबर २०२२ रोजी भुवनेश्वरमध्ये ब्राझीलकडून ०-५ अशी हार पत्करून भारताचा पहिलावहिला महिला विश्वचषक संपला होता. यजमान म्हणून मिळालेला तो प्रवेश आणि आता मैदानावर कमावलेली ही पात्रता यांत फरक काय? आणि पुढची पायरी एवढी उंच का आहे?

२०२२ मध्ये नेमके काय घडले होते?

ही स्पर्धा मुळात २०२० मध्ये भारतात व्हायची होती. करोनामुळे ती आधी २०२१ च्या सुरुवातीपर्यंत पुढे ढकलली गेली, नंतर रद्दच झाली आणि भरपाई म्हणून भारताला २०२२ चे यजमानपद मिळाले. त्यातही विघ्ने आली. संघाच्या युरोप दौऱ्यावर लैंगिक गैरवर्तनाचा आरोप झालेल्या सहायक प्रशिक्षकाला पदावरून काढावे लागले. ऑगस्टमध्ये ‘फिफा’ने त्रयस्थांच्या हस्तक्षेपाचे कारण देत अखिल भारतीय फुटबॉल महासंघावर बंदी घातली. ती महिना संपण्यापूर्वी उठली, म्हणून स्पर्धा वाचली.

प्रत्यक्ष मैदानावर भारताची गाठ अमेरिका, मोरोक्को आणि ब्राझीलशी पडली. निकाल ०-८, ०-३ आणि ०-५. तीन सामन्यांत १६ गोल स्वीकारले, एकही करता आला नाही. उपांत्य सामने गोव्यात फातोर्ड्याला झाले. अंतिम सामना नवी मुंबईत नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाला, त्यात ८२व्या मिनिटाच्या स्वयंगोलामुळे स्पेनने कोलंबियाला १-० असे नमवले.

भारतीय संघातील सहा मुली झारखंडच्या होत्या. कर्णधार अष्टम उरांव ही गुमला जिल्ह्यातील. ती कर्णधार झाल्यावर प्रशासनाने तिच्या गावाकडे जाणारा रस्ता बांधायला घेतला आणि त्याच रस्त्याच्या कामावर तिचे आई-वडील रोजंदारीने राबत असल्याच्या बातम्या देशभर छापून आल्या. मुलगी विश्वचषकात देशाचे नेतृत्व करणार म्हणून रस्ता आणि त्या रस्त्यावर मजुरी तिच्याच घरच्यांची! गोलफलकावरील आकडे वाचताना या मुली कुठून निघून तिथवर पोहोचल्या, हेही पाहायला हवे.

वयोगटाच्या अटीचा फटका कसा बसतो?

या स्पर्धेत जन्मवर्ष मोजले जाते. २०२० च्या स्पर्धेसाठी १ जानेवारी २००३ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुली पात्र होत्या. २०२२ साठी ही मर्यादा १ जानेवारी २००५ झाली. म्हणजे २००३ आणि २००४ मध्ये जन्मलेल्या ज्या मुलींनी पहिल्या स्पर्धेसाठी शिबिरे केली, घाम गाळला, त्या एकही सामना न खेळता वयातून बाद झाल्या. त्यांच्या जागी नवा संघ उभारावा लागला, तोही करोनाच्या दीड-दोन वर्षांत मैदाने बंद असताना. भारताच्या अपयशाची चर्चा करताना हा मुद्दा सहसा राहूनच जातो.

आता ‘फिफा’ने ही स्पर्धा दरवर्षी घेण्याचे ठरवले आहे. संघांची संख्याही १६ वरून २४ झाली. २०२५ ते २०२९ अशा सलग पाच स्पर्धा मोरोक्कोतच होतील. त्यामुळे निव्वळ चुकीच्या वर्षी जन्मल्यामुळे संधी हुकण्याचे प्रमाण तरी कमी व्हावे.

आशियातून पात्र ठरणे सोपे नाही का?

पुरुषांच्या फुटबॉलकडे पाहून तसा समज होतो. मुलींच्या या वयोगटात चित्र उलटे आहे. २००८ पासून झालेल्या नऊ विश्वचषकांपैकी सहा आशियाई संघांनी जिंकले आहेत. उत्तर कोरियाने चार (२००८, २०१६, २०२४, २०२५), दक्षिण कोरियाने २०१० मध्ये, जपानने २०१४ मध्ये. उरलेल्या तीनपैकी दोन स्पेनने आणि एक फ्रान्सने. अमेरिकेला हा चषक आजवर एकदाही जिंकता आलेला नाही. थोडक्यात, जगातील सर्वांत कठीण खंडातून भारताला वाट काढायची आहे.

याचे कारण मुली किती लहान वयात नियमित खेळू लागतात यात आहे. जपानमध्ये शाळा, क्लब आणि महासंघाच्या अकादमी यांची साखळी आहे. उत्तर कोरियात २०१३ मध्ये प्योंगयांगला निवासी फुटबॉल शाळा सुरू झाली. देशभरातून निवडलेली मुले-मुली तिथे वर्षानुवर्षे एकत्र सराव करतात. या वयात इतर देशांचे खेळाडू अजून घडत असतात, तेव्हा एकत्र मुरलेला संघ भारी पडतो. (त्यांच्या वरिष्ठ संघाची कहाणी वेगळी. २०११ च्या विश्वचषकात पाच खेळाडू उत्तेजक चाचणीत दोषी आढळल्या आणि २०१५ च्या स्पर्धेतून तो संघ बाद झाला.)

या स्पर्धेतून पुढे काय मिळते?

नेरुळच्या त्या अंतिम सामन्यातील दोन नावे पाहा. कोलंबियाची लिंडा कायसेडो तेव्हा १७ वर्षांची होती. पंधराव्या वर्षी तिला अंडाशयाच्या कर्करोगाचे निदान झाले होते. त्यातून ती बरी झाली आणि २०२२ या एकाच वर्षात वरिष्ठ कोपा अमेरिका, २० वर्षांखालील आणि १७ वर्षांखालील विश्वचषक अशा तीन स्पर्धा खेळली. पुढच्याच वर्षी ती रेआल माद्रिदमध्ये दाखल झाली आणि वरिष्ठ विश्वचषकात तिने जर्मनीविरुद्ध गोल केला. स्पेनची विकी लोपेझ भारतातील स्पर्धेची सर्वोत्तम खेळाडू ठरली. ती आज बार्सिलोना आणि स्पेनच्या वरिष्ठ संघातून खेळते. २०२२ मध्ये १७ आणि २० वर्षांखालील असे दोन्ही चषक जिंकणारा स्पेन २०२३ मध्ये वरिष्ठ गटातही जगज्जेता झाला, हे काही नशिबाने घडले नाही.

भारताला खरे तर मोरोक्कोकडे बघायला हवे. २०२२ मध्ये हा संघही या स्पर्धेत नवखाच होता. पण त्यांच्या महासंघाने २०२० मध्येच महिलांच्या दोन स्तरांच्या लीगला व्यावसायिक रूप दिले होते. त्यांच्या वरिष्ठ संघाने २०२३ च्या विश्वचषकात पदार्पणातच बाद फेरी गाठली.

बिश्केकमध्ये वेगळे काय दिसले?

गोलफरकामुळे उझबेकिस्तानला बरोबरी पुरेशी होती, भारताला विजयच हवा होता. त्यात पूर्वार्धातच भारत एका गोलने पिछाडीवर पडला. मात्र बदली खेळाडू थंडामणी बास्केने उत्तरार्धात बरोबरी साधली आणि मग तिच्याच पासवर अनुष्का कुमारीने विजयी गोल केला. भुवनेश्वरमध्ये पहिला गोल स्वीकारल्यावर संघ विस्कटत असे. इथे मागे पडूनही त्याने सामना ओढून आणला. १७ वर्षांखालील आशियाई स्पर्धेत भारत २००५ नंतर प्रथमच खेळेल. यंदा जुलैमध्ये वरिष्ठ आणि ऑगस्टमध्ये २० वर्षांखालील संघही आपापल्या आशियाई स्पर्धांसाठी पात्र ठरले आहेत. तिन्ही संघांनी एकाच वर्षी ही मजल मारणे लक्षणीय आहे.

मग अडचण कुठे आहे?

सामन्यांची संख्या हे खरे दुखणे आहे. देशातील सर्वोच्च इंडियन विमेन्स लीगमध्ये २०२४-२५ च्या हंगामात आठ संघ होते. म्हणजे प्रत्येकाला १४ सामने आणि सारे काही महिन्यांत आटोपले. वरच्या पायरीवर ही स्थिती, तर १४-१५ वर्षांच्या मुलींचे काय! ‘खेलो इंडिया’अंतर्गत १३, १५ आणि १७ वर्षांखालील मुलींसाठी ‘अस्मिता’ लीग सुरू झाल्या आहेत, पण स्पेनमधील मुलगी हंगामभर दर आठवड्याला सामना खेळते, त्याच्याशी याची तुलना होत नाही. शिबिरात धावण्याचा दम वाढवता येतो. चेंडू पायाशी येण्याआधी पुढचा पास कुठे द्यायचा, हे सामन्यातच उमगते. आपल्याकडे कोल्हापूरचे शाहू स्टेडियम स्थानिक पेठांच्या सामन्यांना गर्दीने फुलते, ते पुरुषांसाठी. ज्या नेरुळमध्ये विश्वचषकाची अंतिम लढत झाली, त्या परिसरातील मुलीला वर्षात स्पर्धात्मक सामने किती मिळतात, हा प्रश्न संघटकांना विचारायलाच हवा.

आता पुढे काय?

आशियाई स्पर्धा २०२६ मध्ये चीनमध्ये होईल. आठऐवजी १२ संघ खेळतील आणि पहिले चार विश्वचषकात जातील. म्हणजे भारताला किमान उपांत्य फेरी गाठावी लागेल. २०२४ च्या आशियाई स्पर्धेच्या उपांत्य फेरीत उत्तर कोरिया, जपान, दक्षिण कोरिया आणि चीन होते. यंदा मोरोक्कोत आशियातून गेले तेही हेच चार. यांतील एकाला तरी मागे टाकायचे, तर मधल्या महिन्यांत या मुलींना आपल्यापेक्षा बलाढ्य संघांविरुद्ध सामने मिळायला हवेत. मोरोक्कोतील पुढच्या विश्वचषकासाठी २००९ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलीच पात्र असतील. भुवनेश्वरमध्ये भारत हरत होता, तेव्हा त्या जास्तीत जास्त १३ वर्षांच्या होत्या.