बार्शीवरून कुंथलगिरीस

सोलापुराहून कुंथलगिरीस जाण्याचे दोन मार्ग आहेत. एक तुळजापूर, येडशी, येरमाळा असा महामार्गाचा. रुंद, सपाट, मधोमध दुभाजक असलेला. दुसरा नान्नज, वैराग, बार्शी, भूम असा जुना. पहिल्याने वेळ वाचतो, यात वाद नाही. गेल्या पौषात आम्ही कुटुंबीय सिद्धक्षेत्राच्या दर्शनास निघालो, तेव्हा चिरंजीवांनी फोनवरील नकाशा पाहून महामार्गच ठरविला होता. गाडी वळणार, तोच पुढच्या आसनावरून अण्णा म्हणाले, "बार्शीवरून घे."

"अण्णा, तिकडून तासभर जास्त लागेल."

"लागू दे. भगवंत काही देवळातून उठून जात नाहीत."

अण्णांचे वय ८२. कापडाच्या व्यापारात त्यांची चाळीस वर्षे गेली, आणि त्यांतील बरीचशी याच रस्त्यावर. त्यांचा शब्द मोडण्याची आमच्या घरात पद्धत नाही. तथापि चिरंजीवांच्या मुद्रेवरची नाराजी लपली नाही.

नान्नजपर्यंत गाडीत कोणी बोलले नाही. त्यानंतर माळरान सुरू झाले आणि नातू एकाएकी ओरडला, "हरणे!" काळविटांचा एक कळप पिवळ्या गवतात उभा होता. हे माळढोक पक्ष्याचे अभयारण्य. शासनाने ते १९७९ साली घोषित केले. पुढे त्याचे क्षेत्र पुष्कळ कमी झाले. माळढोकाचे दर्शन आज दुर्मीळ आहे. एके काळी सोलापूरकरांना ज्याचा अभिमान वाटे, तो हा उंचापुरा पक्षी उघड्या जमिनीवर, बहुधा एकच अंडे घालतो. शेतीचा विस्तार, विजेच्या तारा, मोकाट कुत्री. त्याला मारणाऱ्या गोष्टी अनेक आहेत. अण्णांनी त्याला तरुणपणी एसटीच्या खिडकीतून पाहिले होते. "माणसासारखा चालायचा," ते म्हणाले, "खाली बघत, एकेक पाऊल टाकत."

मला त्या वेळी इर्यासमिती आठवली. समोरची चार हात भूमी निरखून पाऊल टाकावे, ही साधूंची मर्यादा. वर्षाकाळात भूमी जीवांनी भरते म्हणून विहार थांबतो आणि चातुर्मास होतो. ताशी शंभरच्या वेगाने जाणाऱ्यास चार हात भूमी दिसणे शक्यच नाही. आपण गृहस्थ आहोत, आपणास गाडी हवी, व्यापारासाठी वेगही हवा. परंतु महामार्गावर विहार करणाऱ्या साधु-साध्वींना वाहनाने धडक दिल्याच्या वार्ता आपण वारंवार वाचतो, हळहळतो, आणि दुसऱ्याच दिवशी त्याच महामार्गाने धावतो. जुन्या रस्त्याला कडेची माती असते, झाडाची सावली असते, दर दोन कोसांवर गाव असते. पायी चालणाऱ्यासाठी तो बांधलेला होता. विहाराचा मार्ग आखणाऱ्या श्रावकांनी हे रस्ते आधी पाहावेत, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

नान्नज द्राक्षांचेही गाव. तेथील नानासाहेब काळे यांनी शोधलेले 'सोनाका' हे द्राक्षाचे वाण सर्वत्र पोहोचले. बागांच्या मांडवांनंतर ज्वारी लागली. कणसे भरलेली, अधूनमधून हुरड्याचा धूर. एका लिंबाखाली थांबून आम्ही डबे उघडले. कडक भाकरी, लसूण न घातलेली शेंगाचटणी, दही, घरून आणलेले गाळलेले पाणी. महामार्गावरच्या चकचकीत ढाब्यांवर आपल्या पथ्याचे काय मिळेल याची विचारपूस करण्यातच जेवणाची रुची जाते, हा सर्वांचा अनुभव असेल.

वैरागला अण्णांनी गाडी थांबवायला सांगितली. पेठेतील एका बंद दुकानासमोर ते काठी टेकून उभे राहिले. १९७२च्या दुष्काळात या दुकानदाराकडे आमची मोठी उधारी अडकली होती. गिऱ्हाईक खडी फोडायला गेलेले, दुकानात कापड पडून. अण्णा वसुलीस आले, दुकानाची अवस्था पाहिली, आणि खात्याची वही पिशवीतून बाहेर न काढताच परतले. आजोबा रागावले होते. पुढे चार वर्षांनी, दिवाळीच्या वहीपूजनापूर्वी, तो गृहस्थ सोलापुरास आला आणि सगळी रक्कम मोजून देऊन गेला. व्याज घेण्यास अण्णांनी नकार दिला, तेव्हा त्याने ज्वारीचे एक पोते ठेवले.

"तुम्ही त्याच्याकडे पुन्हा मागितले कसे नाहीत?" चिरंजीवांनी विचारले. ही कथा त्यांनी प्रथमच ऐकली होती. मीही अर्धीच ऐकली होती.

"रस्त्याने येताना दोन्ही बाजूंची शेते पाहिली होती," अण्णा म्हणाले. "मागायचे काय?"

शेजारच्या दुकानदाराने सांगितले, की मुले पुण्यास गेली, दुकान कित्येक वर्षे बंद आहे. अण्णांनी मान हलविली आणि गाडीत येऊन बसले.

आमचा व्यवहार आता फोनवर चालतो. माल ट्रान्सपोर्टने जातो, पैसे बँकेत येतात, गिऱ्हाइकाच्या गावी पाऊस झाला की नाही हे कळण्याचे कारण उरलेले नाही. यात सोय आहे हे मी नाकारीत नाही. मात्र कोणाला किती माल उधार द्यावा, हे जी डोळ्यांनी पाहिलेली शेते सांगत, ते संगणकाच्या पडद्यावर दिसत नाही, आणि गेल्या दोन वर्षांत आमचे जे पैसे बुडाले ते सारे आम्ही कधी न पाहिलेल्या गावांतले आहेत.

सोलापुरापासून सुमारे ७० किलोमीटरवर बार्शी. येथे अण्णांना बोलते करण्याची गरजच पडली नाही. १९५५ साली आचार्य शांतिसागर महाराजांनी कुंथलगिरीस सल्लेखना घेतली, तेव्हा ते तेरा वर्षांचे होते. आजोबांबरोबर कुर्डुवाडीस गाडी बदलून ते बार्शी लाइट रेल्वेच्या त्या चिमुकल्या गाडीने आले. आपल्या सोलापूरचे शेठ वालचंद हिराचंद यांनी ठेकेदारीचा आरंभ याच रेल्वेच्या कामापासून, लक्ष्मणराव फाटक यांच्यासमवेत केला, हे वाचकांस ठाऊक असेलच. बार्शीपासून पुढे बैलगाडी; दिवस भाद्रपदाचे, चिखल चाकाच्या आरीपर्यंत. वाटेत अनोळखी शेतकऱ्यांनी गाडी ढकलून दिली आणि पडवीत झोपू दिले. महाराजांनी १८ सप्टेंबर रोजी देह ठेवला. "दर्शन दुरून झाले," अण्णा म्हणाले, "पण ती पडवी अजून डोळ्यांपुढे आहे."

बार्शीनंतर जमीन हळूहळू चढते. भूमच्या पुढे बालाघाटाच्या टेकड्या, त्यांत खव्याच्या भट्ट्यांचा धूर; कुंथलगिरीच्या खव्यास आता भौगोलिक मानांकनही लाभले आहे. मग टेकडीवरील शिखरे दिसतात. देशभूषण-कुलभूषण मुनींचे हे निर्वाणस्थान. त्यांच्यावरील उपसर्ग वनवासातील राम-लक्ष्मणांनी दूर केला, असे पद्मपुराण सांगते. तेही वाटसरूच होते. अण्णांना डोलीत बसा म्हटले तर त्यांनी ऐकले नाही. नातवाचा हात धरून, मध्ये तीनदा थांबून, ते पायऱ्या चढले.

परतताना सूर्यास्तापूर्वी भोजन व्हावयास हवे होते, म्हणून महामार्गच घेतला. अण्णांनीच तसे सांगितले. तुळजापूर आले तेव्हा ते झोपले होते. नातू खिडकीशी बसून बराच वेळ बाहेर पाहत होता. मग त्याने वडिलांना विचारले, की वैरागचे ते दुकान नेमके कोणत्या बाजूला होते.