‘अवैध उत्खनन’ : एका शब्दप्रयोगाचा सामाजिक अर्थ



शब्दाला कोशातील अर्थ असतो, तसाच समाजव्यवहारात घडलेला अर्थही असतो. बीड जिल्ह्यातील एका परिचित संघर्षाच्या आधारे आपण हा भेद समजून घेऊ. गेवराई व माजलगाव तालुक्यांतील गोदावरीच्या पात्राविषयीच्या बातम्यांत ‘अवैध उत्खनन’ हा शब्दप्रयोग आपण अनेकदा वाचला असेल. तो नेमके कोणाचे वर्णन करतो?

प्रथम ‘गौण खनिज’ ही संज्ञा पाहू. १९५७ च्या खाणी व खनिजांविषयीच्या केंद्रीय अधिनियमानुसार इमारतीचा दगड, साधी माती, साधी वाळू ही गौण खनिजे होत. त्यांविषयी नियम करण्याचा अधिकार राज्यांना आहे. सोने या वर्गात येत नाही. व्याकरणात गौण वाक्य प्रधान वाक्यावर अवलंबून असते, हे आपण जाणता. येथे मात्र ‘गौण’ हे केवळ कायदेशीर वर्गीकरण आहे. ज्यांचे पोट या खनिजांवर चालते, त्यांच्या दृष्टीने ती गौण नाहीत.

आता बोलीतील ‘उपसा’ हा शब्द घ्या. विहिरीतील पाणी उपसले तरी झऱ्यांमुळे ते पुन्हा भरते. वाळूही पूर्वी दर पुरासोबत येत असे. परंतु वरच्या अंगाला पैठणजवळ जायकवाडी धरण झाल्यावर बराचसा गाळ व वाळू तेथेच अडते. शिवाय उत्खनन यंत्रे अल्पावधीत प्रचंड वाळू काढतात. शब्द ‘उपसा’ राहिला, त्यामागील भरून येणे मात्र आटले.

दगडाच्या क्षेत्रातही असाच पालट झाला. घण, पहार आणि छिन्नी यांच्या बळावर दगड फोडणे हा वडार समाजाचा परंपरागत व्यवसाय. ‘टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही’ ही म्हण दगड घडवणाऱ्यांच्याच कामातून आली आहे. आज खाणपट्टा, लिलाव, अनामत रक्कम आणि परवाने यांसाठी भांडवल लागते. त्यामुळे खडी क्रशरचा मालक पट्टेदार होतो आणि कारागीर त्याच्याकडे मजूर होतो. तो स्वतंत्रपणे दगड फोडू लागला, तर परवान्याअभावी ‘अवैध’ ठरू शकतो. परंपरागत कारागिरांसाठी राज्याच्या नियमांत काही सवलती आहेत. पण त्या मिळवण्यासाठीही कागदपत्रे लागतातच.

येथे मुख्य मुद्दा लक्षात घ्या. गाढवाच्या पाठीवरून विनापरवाना वाळू नेणारा आणि रात्रभर यंत्रे लावून पात्र खरवडणारा, दोघांसाठी ‘अवैध’ हे एकच विशेषण वापरले जाते. या विशेषणात परिमाण, साधन आणि गरज यांचा भेद पुसला जातो. हाताने होणाऱ्या उत्खननालाही मर्यादा हवीच. तथापि दोहोंसाठी एकच उपाय न्याय्य ठरत नाही.

हा प्रश्न सोन्याच्या खाणींच्या प्रदेशांतही दिसतो. घानामध्ये ‘गॅलमसे’ हा शब्द ‘गोळा करा आणि विका’ अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दसमूहापासून बनला. तो हाताने सोने काढणाऱ्यांसाठी होता. पुढे यंत्रांनी होणाऱ्या अवैध खाणकामालाही तोच लागू झाला. तेथील ओबुआसी येथे कंपनीच्या खाणीवर जानेवारी २०२५ मध्ये झालेल्या संघर्षात माणसे मारली गेली. याउलट, पेरू देशाने २०१२ च्या कायद्यांत ‘अवैध’ आणि ‘अनौपचारिक’ असा भेद केला: परवानगी असलेल्या क्षेत्रात काम करून नियमित होऊ पाहणारे ‘अनौपचारिक’ मानले गेले. सर्व प्रश्न त्याने सुटले नाहीत. परंतु कष्टकऱ्याला कायद्याच्या भाषेत वेगळे नाव मिळाले.

सारांश : नाव देणे ही केवळ भाषिक कृती नसते, त्यावरून हक्क आणि दंड ठरतात.

स्वयं-अध्ययन प्रश्न : आपल्या परिसरातील वाळू अथवा दगडाच्या व्यवसायातील दहा शब्द कष्टकऱ्यांकडून ऐकून नोंदवा. त्यांची वृत्तपत्रीय शब्दांशी तुलना करून, कोणते भेद वृत्तपत्रांच्या भाषेत हरवतात ते लिहा.