सर्व्हरची शाळा : लेखांक ७
पीएचपीची घडी बसवताना

मागच्या लेखांकात आपण उबंटू २४.०४ वर एन्जिनएक्स बसवला आणि ब्राउझरमध्ये एक साधं एचटीएमएल पान उघडून पाहिलं. ते पान प्रत्येकाला सारखंच दिसतं. वाचकाने नाव टाइप केलं आणि पानाने त्याला नावानिशी उत्तर दिलं, असं हवं असेल तर सर्व्हरवर कोड चालवणारी भाषा लागते. या आठवड्यात आपण पीएचपी बसवणार आहोत.

पीएचपी बसवायला काही मिनिटं पुरतात, आणि घोटाळा तिथेच होतो. पान दिसलं की काम झालं असं वाटतं. प्रत्यक्षात त्या क्षणी तुमचा सर्व्हर अशा डझनावारी सेटिंग्जवर चालत असतो, ज्या दुसऱ्या कोणीतरी सर्वांसाठी सरसकट ठरवलेल्या आहेत. त्यातल्या मोजक्या सेटिंग्ज स्वतः वाचून, समजून ठरवल्याशिवाय पीएचपी बसवली असं म्हणू नये. आजचा लेखांक मुख्यतः त्या मोजक्या सेटिंग्जबद्दल आहे.

थोडा इतिहास

रासमुस लेर्डोर्फ यांनी १९९४ मध्ये सी भाषेत काही छोटे प्रोग्रॅम लिहिले. वेबवर ठेवलेला आपला बायोडेटा कोण पाहतंय हे त्यांना जाणून घ्यायचं होतं. जून १९९५ मध्ये त्यांनी तो कोड सर्वांसाठी खुला केला. पुढे इस्राएलमधल्या हैफा इथल्या टेक्निऑन संस्थेचे झीव सुरास्की आणि अँडी गुटमन्स यांनी भाषेचा गाभा नव्याने लिहिला, आणि १९९८ मध्ये पीएचपी ३ आली. आज वर्डप्रेस पीएचपीवर चालतं, आणि मराठी विकिपीडिया ज्या मीडियाविकीवर उभा आहे तेही.

या इतिहासातला एक प्रसंग आपल्या विषयाला थेट भिडतो. सुरुवातीच्या काळात ‘रजिस्टर ग्लोबल्स’ नावाचं सेटिंग मुळातच चालू असायचं. वेबपत्त्यात कोणीही काहीही लिहिलं की त्या नावाचं व्हेरिएबल प्रोग्रॅममध्ये आपोआप तयार व्हायचं. नवशिक्यांना हे फार सोयीचं होतं. पण प्रोग्रॅममधलं ‘हा अ‍ॅडमिन आहे का’ हे व्हेरिएबल आधी रिकामं करून ठेवलेलं नसेल, तर बाहेरचा माणूस पत्त्यातूनच त्यात ‘होय’ भरू शकत असे. २००२ मध्ये ४.२ आवृत्तीत हे सेटिंग मुळात बंद करण्यात आलं, आणि २०१२ च्या ५.४ आवृत्तीत ते समूळ काढून टाकलं. म्हणजे आलेलं सेटिंग जसंच्या तसं ठेवणं सुरक्षित असतंच असं नाही, हे पीएचपी तयार करणाऱ्यांनीही अनुभवातूनच शिकून घेतलं.

कोणती पॅकेजेस?

उबंटू २४.०४ सोबत पीएचपीची ८.३ आवृत्ती येते. या आवृत्तीला मूळ प्रकल्पाकडून २०२७ च्या अखेरीपर्यंत सुरक्षा दुरुस्त्या मिळणार आहेत, म्हणून आपण हीच वापरू.

इथे पहिला खड्डा आहे. ‘एपीटी इन्स्टॉल’ नंतर नुसतं ‘पीएचपी’ लिहिलंत, तर उबंटू पीएचपीसोबत अपाचे हा दुसरा वेब सर्व्हरही बसवतं. मग अपाचे आणि एन्जिनएक्स दोघेही ८० क्रमांकाच्या पोर्टवर हक्क सांगतात. त्या दिवशी कदाचित सगळं ठीक चालेल. पण सर्व्हर रीस्टार्ट झाल्यावर आधी जो जागा होईल तो पोर्ट बळकावतो, आणि तुमच्या साइटच्या जागी अपाचेचं स्वागताचं पान दिसू लागतं. म्हणून ‘पीएचपी’ऐवजी ‘पीएचपी ८.३ एफपीएम’ हे पॅकेज नाव घेऊन मागा. जोडीला एमबीस्ट्रिंग, आयएनटीएल, मायएसक्यूएल, कर्ल आणि एक्सएमएल ही एक्स्टेन्शन्स घ्या. बसवून झाल्यावर टर्मिनलवर ‘पीएचपी’ आणि पुढे ‘डॅश व्ही’ लिहिलंत की आवृत्ती दिसेल. ‘डॅश एम’ लिहिलंत की एक्स्टेन्शन्सची यादी येईल. यादीत मागितलेली सगळी नावं आहेत का, ते डोळ्यांखालून घाला.

एन्जिनएक्स आणि एफपीएमची गाठ

एन्जिनएक्सला पीएचपी कळत नाही. तो हॉटेलातल्या वेटरसारखा असतो : ऑर्डर घेतो, स्वयंपाकघरात देतो, तयार झालेलं ताट आणून ठेवतो. हे स्वयंपाकघर म्हणजे एफपीएम. मूळ पीएचपीत तो २०१० च्या ५.३.३ आवृत्तीपासून आहे. दोघांची भेट एका सॉकेट फाइलवर होते, आणि ती ‘रन’ फोल्डरच्या आत ‘पीएचपी’ नावाच्या फोल्डरमध्ये असते.

एन्जिनएक्सच्या साइटच्या फाइलमध्ये पीएचपीसाठीचा तुकडा आधीपासून लिहिलेला असतो, पण त्याच्या प्रत्येक ओळीपुढे हॅशचं चिन्ह असतं. हव्या त्या ओळींपुढचे हॅश काढा आणि सॉकेटच्या नावातला आवृत्तीचा आकडा नीट पाहा. तिथे जुनी आवृत्ती लिहिलेली असेल तर ८.३ करा. मग एन्जिनएक्सची तपासणीची आज्ञा चालवा आणि सगळं बरोबर असेल तरच रीलोड करा.

दोन चुका सगळ्यांकडूनच होतात. सॉकेटचं नाव चुकलं किंवा एफपीएम बंद असला, तर ब्राउझरमध्ये ‘५०२ बॅड गेटवे’ येतं. एन्जिनएक्सच्या एरर लॉगची शेवटची ओळ वाचा. फाइल सापडली नाही की परवानगी नाकारली, हे तिथे स्पष्ट लिहिलेलं असतं.

दुसरी चूक जास्त घातक आहे. पीएचपीचा तुकडा चालूच झाला नसेल, तर एन्जिनएक्स पीएचपीची फाइल न चालवता जशीच्या तशी पाठवून देतो. तुमचा कोड, त्यात डेटाबेसचा पासवर्ड असेल तर तोही, पाहणाऱ्याच्या हातात जातो. ऑगस्ट २००७ मध्ये फेसबुकच्या मुखपृष्ठाचा पीएचपी कोड असाच बाहेर पडला. एका सर्व्हरची मांडणी चुकली होती, असा खुलासा कंपनीने केला. तेव्हा पासवर्ड असलेली फाइल साइटच्या सार्वजनिक फोल्डरच्या बाहेर ठेवा. मांडणी कधी चुकलीच, तरी ती फाइल वेबवरून कोणाला मागता येणार नाही.

दोन आयएनआय फाइली

पीएचपीची सेटिंग्ज ‘पीएचपी डॉट आयएनआय’ या फाइलमध्ये असतात. उबंटूवर त्या नावाच्या निदान दोन फाइली आहेत : ‘ईटीसी’ फोल्डरमधल्या पीएचपी ८.३ च्या खाली ‘सीएलआय’मध्ये एक, ‘एफपीएम’मध्ये दुसरी. टर्मिनलवरून चालणारी पीएचपी पहिली वाचते, वेबसाइट दुसरी वाचते. ‘सेटिंग बदललं, पण काहीच फरक पडत नाही’ अशी तक्रार येते, तेव्हा बहुतेक वेळा पहिली फाइल बदललेली असते. किंवा फाइल बरोबर असते, पण एफपीएम रीलोड करायचं राहून गेलेलं असतं.

खात्री करायला ‘पीएचपी-इन्फो’ हे फंक्शन चालवणारी एका ओळीची फाइल साइटच्या फोल्डरमध्ये ठेवा आणि ब्राउझरमध्ये उघडा. ‘लोडेड कॉन्फिगरेशन फाइल’ या ओळीत नेमका रस्ता लिहिलेला असतो. तो टिपून घ्या आणि ती फाइल लगेच पुसून टाका. त्या पानावर तुमच्या सर्व्हरची सगळी कुंडली असते, आणि ती परक्याने वाचण्याचं काही कारण नाही.

स्वतः ठरवायच्या गोष्टी

*चुका कोणाला दिसाव्यात?* खऱ्या साइटवर ‘डिस्प्ले एरर्स’ बंद आणि ‘लॉग एरर्स’ चालू हवं. उबंटूच्या एफपीएमच्या फाइलमध्ये ते तसंच असतं. मात्र पीएचपी स्वतः कंपाइल केली, किंवा डॉकरची अधिकृत प्रतिमा वापरली, तर आयएनआय फाइल आपोआप तयार होत नाही. नुसते ‘डेव्हलपमेंट’ आणि ‘प्रॉडक्शन’ असे दोन नमुने मिळतात. फाइलच नसेल तर पीएचपी आपल्या पोटातल्या किमती वापरते, आणि त्यात चुका पडद्यावर दाखवणं चालू असतं. मग फाइलींचे रस्ते आणि ओळींचे क्रमांक येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना दिसतात. अशा वेळी ‘प्रॉडक्शन’चा नमुना योग्य नावाने कॉपी करणं हे पहिलं काम. एफपीएममध्ये वेगळी लॉग फाइल नेमली नसेल, तर चुकांचे संदेश एन्जिनएक्सच्या एरर लॉगमध्ये येतात. ते तिथे रोज वाचायची सवय लावा.

*घड्याळ.* ‘डेट टाइमझोन’ दिलं नाही तर पीएचपी यूटीसी धरते, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. १५ ऑगस्टच्या पहाटे २ वाजता टाकलेल्या मजकुरावर १४ ऑगस्टची तारीख पडते. तिथे ‘एशिया/कोलकाता’ लिहा.

*फोटो अपलोड.* इथे एकामागून एक तीन दारं आहेत. एन्जिनएक्स मुळात १ एमबीपेक्षा मोठी मागणी आत घेत नाही. पीएचपी एका फाइलला २ एमबी आणि संपूर्ण फॉर्मला ८ एमबी इतकी मुभा देते. मोबाइलवर काढलेला ४ एमबीचा फोटो पहिल्याच दारात अडकतो आणि ‘४१३’ ही चूक दिसते. फक्त पहिलं दार रुंद केलंत तर तो दुसऱ्यात अडकतो. तिसऱ्यात अडकला तर आणखी चकवा : फॉर्ममध्ये भरलेली माहितीच प्रोग्रॅमला रिकामी मिळते, आणि वाचकाला वाटतं की आपणच काही भरलं नाही. तिन्ही आकडे एकत्र ठरवा, आणि संपूर्ण फॉर्मची मर्यादा एका फाइलच्या मर्यादेपेक्षा मोठी ठेवा.

*एका वेळी किती जण?* एफपीएमच्या मूळ मांडणीत ‘मॅक्स चिल्ड्रन’ ५ असतं. पाच मागण्यांवर काम चालू असताना सहावी रांगेत थांबते. हा आकडा मेमरी पाहून ठरवा. समजा सर्व्हरची मेमरी २ जीबी आहे, त्यातली १ जीबी ऑपरेटिंग सिस्टिम आणि डेटाबेससाठी राखली, आणि तुमच्या साइटची एक प्रोसेस साधारण ५० एमबी घेते. मग वीसच्या पुढे जाऊ नका. डोळे मिटून शंभर लिहिलंत, तर गर्दीच्या दिवशी मेमरी संपून डेटाबेसच कोसळू शकतो.

मराठी अक्षरांची परीक्षा

एमबीस्ट्रिंग आणि आयएनटीएल मुद्दाम मागायला का सांगितली, ते एका शब्दावर करून पाहा. ‘मराठी’ या शब्दाची लांबी पीएचपीच्या साध्या ‘एसटीआरलेन’ फंक्शनला विचारलीत तर उत्तर येतं १५, कारण ते बाइट मोजतं आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. एमबीस्ट्रिंगचं फंक्शन सांगतं ५ : म, र, काना, ठ, वेलांटी. आयएनटीएलमधलं ‘ग्राफीम’ फंक्शन सांगतं ३, म्हणजे म, रा, ठी. आपण डोळ्यांनी मोजतो तेही तीनच.

आता बातमीचा मथळा ठरावीक लांबीवर कापायचा आहे असं धरा. साध्या फंक्शनने दहाव्या बाइटवर कापलंत, तर ‘मरा’च्या पुढे ठ चा एक तृतीयांश तुकडा उरतो आणि पडद्यावर चौकोनातलं प्रश्नचिन्ह उमटतं. एमबीस्ट्रिंगने चार चिन्हांवर कापलंत, तर ‘मराठ’ उरतं. वेलांटी गेली. ग्राफीमच्या फंक्शनने कापलंत तरच अक्षर अखंड राहतं. इंग्रजी मजकुरावर तपासणी केली तर तिन्ही उत्तरं सारखीच येतात, त्यामुळे हा दोष लक्षातच येत नाही. आपल्या साइटची चाचणी आपल्याच भाषेतल्या मजकुराने केली पाहिजे, ती यासाठी.

या आठवड्याचं काम

सर्व्हरवर एक साधी मजकूर फाइल उघडा, आणि आज बदललेलं प्रत्येक सेटिंग त्यात लिहा : आधी काय होतं, आता काय आहे, का बदललं, कोणत्या तारखेला. कारण लिहिता आलं नाही तर तो बदल मागे घ्या आणि आधी समजून घ्या. सहा महिन्यांनी आवृत्ती बदलताना, किंवा सर्व्हर दुसऱ्या कोणाच्या ताब्यात देताना, हीच फाइल सगळ्यात जास्त उपयोगी पडेल.

पुढच्या लेखांकात आपण पीएचपीला मारियाडीबी हा डेटाबेस जोडू. तेव्हा पासवर्डची फाइल सार्वजनिक फोल्डरच्या बाहेर तयार ठेवा, आणि ‘डॅश एम’च्या यादीत मायएसक्यूएलचं एक्स्टेन्शन दिसतंय ना, ते आजच पाहून घ्या.