धानाच्या राखणीला रिव्हॉल्व्हर कामाचे का?



धानात दाणा भरू लागला की कोका, नागझिऱ्यालगतच्या गावांत जागल सुरू होते. अशाच एका गावच्या बैठकीत एक भाऊ म्हणाले, "साहेब, डुकरं बांधीच्या बांधी लोळवतात. एक रिव्हॉल्व्हर घेऊन टाकू का?" प्रश्न अनेकांच्या मनात आहे, म्हणून स्पष्टच सांगतो. पिकासाठी घेऊ नका.

कारण काडतुसात आहे. परवान्यावरच्या रिव्हॉल्व्हरात .32 बोअरचे काडतूस नेहमीचे. त्याची गोळी साधारण 6 ग्रॅमची, वेग सेकंदाला 200 मीटरच्या आसपास. 12 बोअरच्या बंदुकीचे काडतूस 30 ग्रॅमच्या वर शिसे फेकते, तेही जवळजवळ दुप्पट वेगाने. त्यात रिव्हॉल्व्हरची नळी वीतभरही नसते. रात्री बॅटरीच्या उजेडात पळते डुक्कर टिपणे सरावाच्या माणसालाही जड जाते. गोळी खांद्याच्या जाड कातड्यात अडकली की जखमी डुक्कर सरळ अंगावर येते. आणि नेम चुकला तर? छर्रे थोड्या अंतरात थकतात, पण ही गोळी धुऱ्यापलीकडे जागलीला बसलेल्या शेजाऱ्यापर्यंत सहज जाते.

कायदाही हेच धरून चालतो. 1959 च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम 13 मध्ये पीक-रक्षणासाठी ठासणीची, म्हणजे भरमार बंदूक सांगितली आहे. ती पुरणार नाही अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री झाली, तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक मिळू शकते. मात्र परवाना बंदुकीचा असतो, डुकराचा नव्हे! डुक्कर मारायला वनविभागाची लेखी परवानगी वेगळी लागते. पीक तुडवले असेल तर भरपाईसाठी वनविभागाला ताबडतोब कळवा.

मग रिव्हॉल्व्हर कोणासाठी? जिवाला खरोखर धोका आहे, चार-पाच पावलांवर स्वतःला वाचवायचे आहे, अशा माणसासाठी. कानपूरचे 'निर्भीक' 2014 साली निघाले. ते .32 चे, वजन सुमारे 500 ग्रॅम. .22 चे 'निडर' त्याच्या निम्म्या वजनाचे. झटका कमी, पण मारही कमी. 2023 साली आलेले 'प्रबळ' सुमारे 700 ग्रॅमचे आहे. हलके ते चांगले, असे बऱ्याच जणांना वाटते. खिशाला ते खरे, हाताला नाही. काडतूस तेच असेल तर हलके हत्यार मनगटाला जास्त झटका देते आणि दुसरी गोळी भरकटते. हात बारीक असेल, सराव कमी असेल, तर थोडे वजनदार .32 बरे, आणि परवाना अर्जाआधी ते हाती धरून पाहा.

काडतूस घेताना नुसते "बत्तीस" म्हणू नका. पिस्तुलाचे .32 वेगळे, रिव्हॉल्व्हरचे वेगळे. रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाला बुडाशी बाहेर आलेली कड असते आणि ते लांबही असते. परवान्यावर जे लिहिले तेच घ्या. आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात पितळेवर हिरवट चढते. अशी काडतुसे वापरू नका, आणि उन्हात किंवा चुलीजवळ तर मुळीच वाळवू नका. चाप ओढूनही बार उडाला नाही, तर नळी मोकळ्या बाजूला रोखून अर्धा मिनिट तशीच धरा, मगच चक्री उघडा. घरी हत्यार रिकामे करून कुलपात ठेवा, काडतुसे दुसऱ्या कुलपात. दोन्ही किल्ल्या एकाच खिळ्याला टांगू नका.